चार मिनिटं निश्चल पडून राहायचं आणि मग थेट उडी: थंडीत पोटरी साथ देत नाहीये

अर्धपावली

मंडळी, पुढच्या शनिवारी आमच्या कंपनीचा प्रीमियर आहे आणि माझ्या डाव्या पोटरीने दोन दिवसांत दोनदा दगा दिला. जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं "थंडीत अंग कसं गरम ठेवायचं" असं विचारलं तर कोणती उत्तरं येतील ते मला माहीत आहे, आणि ते सगळं करून झालं आहे.

आम्ही नऊ जण आहोत. एका संध्याकाळी तीन नव्या रचना. पहिली १८ मिनिटांची, सगळे नऊ जण, धावणं, पडणं, उड्या. तिच्या शेवटी अंगावरून घाम निथळत असतो. दुसरी २२ मिनिटांची, दोघांचीच, त्यात मी नाही. मग १५ मिनिटांचं मध्यंतर. तिसरी ३१ मिनिटांची आणि ती माझ्यापासून सुरू होते. प्रेक्षकांकडे पाठ करून मी उजव्या कुशीवर, गुडघे थोडे दुमडलेले, उजवा कान जमिनीला टेकलेला. संगीत नाही. बाजूने एकच आडवा दिवा, त्यात बरगड्या वरखाली होताना दिसतात तेवढंच. चार मिनिटं. मग एक टोला पडतो, दोन मात्रांत मी उभी, कोपऱ्याकडे तिरकी सात पावलं धाव आणि उडी. उतरायचं डाव्या पायावर.

तालमीच्या खोलीत दोन महिने रोज ही उडी मारतेय, एकदाही काही झालं नाही. परवा थिएटरमध्ये पहिल्यांदा तिन्ही रचना सलग केल्या आणि उतरताना पोटरीत असा गोळा आला की पुढच्या आठ मात्रा मी उजव्या पायावरच रेटल्या. काल पुन्हा तेच, थोडं कमी. रंगमंच गार आहे, जमीन तर बर्फ. मी ३६ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी याच पोटरीचा स्नायू थोडा फाटला होता, सहा आठवडे घरी बसले होते, त्यामुळे भीती आहे आणि ती खोटी नाही.

काय केलं ते सांगते. लोकरीचे लेगवॉर्मर (पोटरीवर चढवायचे बिनपावलांचे मोजे), वर जाकीट, मध्यंतरात पोटरीचं लांबलचक स्ट्रेचिंग (भिंतीला हात टेकवून दोन-दोन मिनिटं), वास येणारं गरम मलम. मलमाने कातडी भाजते, आतला गोळा तसाच.

एक विनंती. "ती चार मिनिटं कमी करायला सांग" असं कृपया सुचवू नका. ती चार मिनिटं मला हवी आहेत. ऑक्टोबरमध्ये वीसेक जणांना ही रचना खोलीत दाखवली होती. सुरुवातीला कपड्यांची सळसळ, कोणीतरी पिशवी बंद केली, खुर्ची करकरली. कान जमिनीला असल्याने मला त्यांचे पाय ऐकू येत होते. तिसऱ्या मिनिटाला एकेक पाय थांबत गेला. शेवटी एकच माणूस उरला, तो टाच हलवत होता, आणि मग तोही थांबला. मी सोळा वर्षं नाचतेय, इतक्या जवळून प्रेक्षक मला कधी कळले नव्हते. ते मी सोडणार नाही. पण उडी मारायला पाय तर हवा.

घोटा_ते_गुडघा

मी फिजिओ आहे, नाचणाऱ्यांबरोबर बरंच काम केलंय. आधी महत्त्वाचं: बोटाने दाबल्यावर एकाच जागी टोचल्यासारखं दुखतंय का? सूज, निळसरपणा? डाव्या एका पायावर उभं राहून टाच वीसेक वेळा उचलता येते का? यातलं काही बिनसलं असेल तर इथली चर्चा बाजूला ठेवून आधी कोणाला तरी प्रत्यक्ष पाय दाखवा. जुनी फाट असलेल्या पोटरीशी अंदाजाने खेळू नये.

तसं काही नसेल तर पुढचं. स्नायू गार पडला की त्याचं आकुंचन मंदावतं आणि मज्जातंतूतून येणारा संदेशही सावकाश येतो. उडीवरून उतरताना पोटरीला क्षणात आवळून भार पेलावा लागतो आणि नेमका तोच क्षण मागे पडतो. फुटबॉलमध्ये याची मोजमापं झाली आहेत. १५ मिनिटांच्या मध्यंतरात नुसतं बसून राहिलेल्या खेळाडूंच्या मांडीचं आतलं तापमान साधारण दोन अंशांनी उतरलं आणि परत आल्यावर त्यांची धाव मंदावली. ज्यांनी मध्यंतरात हलका व्यायाम चालू ठेवला त्यांचं तसं झालं नाही. तुमचं मध्यंतरही १५ मिनिटांचं, त्याआधीची २२ मिनिटं वेगळीच.

लांब स्ट्रेचिंग आजपासून बंद. एकेक ताण मिनिटापेक्षा जास्त धरला की त्यानंतर काही वेळ स्नायूचा जोर कमी होतो. उडीच्या आधी तुम्ही स्वतःच पोटरी सैल करून ठेवताय. ते रात्री घरी करा.

मलमाबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, ते कातडीलाच फसवतं. स्नायूला आतून ऊब देणारी एकच गोष्ट म्हणजे त्याचं स्वतःचं काम. स्नायू जी ऊर्जा वापरतो त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के हालचालीत जाते, बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. म्हणून दुसरी रचना चालू असताना बसायचं नाही. विंगेत टाचा उचलणं, छोट्या दुडक्या उड्या, एका पायावर हलकेच उतरणं, दर दोन-तीन मिनिटांनी थोडं थोडं. दमायचं नाही, निवायचंही नाही. वर लेगवॉर्मर असू द्या, ती ऊब धरून ठेवतात, निर्माण करत नाहीत.

आता त्या चार मिनिटांत: पायात काय घातलंय? पोटरी उघडी दिसते का?

अर्धपावली

वाचूनच बरं वाटलं. टोचत नाही, सूज नाही, टाच २२ वेळा उचलली, शेवटच्या चार वेळा थरथरली पण दुखलं नाही. पायात सैल, घोट्यापर्यंतची विजार आहे, पोटरी दिसत नाही. पावलं उघडी.

घोटा_ते_गुडघा

मग सोपं आहे. डावा पाय वर आहे ना? त्याचा चवडा उजव्या टाचेच्या मागे टेकवा आणि जागच्या जागी दाबा. पाच सेकंद दाब, पाच सेकंद सैल. हालचाल शून्य, पोटरी मात्र काम करतेय. चारही मिनिटं करू नका, शेवटच्या मिनिटात करा. आधी आरशासमोर किंवा कोणाला तरी मागे बसवून बघा की काही दिसतंय का. आणि दाबताना श्वास रोखू नका, तुमच्या बरगड्यांवर दिवा आहे.

दिवेवाला

मी रंगमंचावर दिवे लावतो, बरीच वर्षं. तालमीची खोली आणि थिएटर यांच्यातला फरक फक्त हवेचा नसतो. पूर्वी आडवे दिवे हॅलोजनचे असायचे. हजार वॉटच्या दिव्यातला दहावा हिस्सासुद्धा उजेड म्हणून बाहेर पडत नाही, बाकी सगळी धग. बाजूच्या खांबांवर असे आठ-दहा दिवे लागले की नाचणारे म्हणायचे, शेकोटीजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. आता बहुतेक ठिकाणी एलईडी आहेत. वीज वाचते, रंग हवे तसे मिळतात, मीही तेच वापरतो. पण त्या उजेडात धग जवळजवळ नाही. जुनेजाणते नर्तक हल्ली "रंगमंच पूर्वीपेक्षा गार लागतो" म्हणतात ते खरंच असतं.

दुसरं, सामान आत घेण्याचं मागचं मोठं दार. सेट लावायच्या दिवसांत ते तासन्‌तास उघडं असतं आणि सगळा गारठा आत येऊन जमिनीत मुरतो. हवा लवकर तापते, जमिनीला वेळ लागतो. तुमच्या थिएटरमधल्या दोन्ही सलग तालमी सेट लावायच्या दिवसांतल्याच दिसतात. शनिवारी दुपारपासून ते दार बंद ठेवायला सांगा. हे मागणं मुळीच जास्त नाही.

नाचासाठी जमिनीवर अंथरतात त्या व्हिनाइलच्या (प्लास्टिकच्या) पट्ट्याही तपासून घ्या. गारठ्यात व्हिनाइल आखडतं आणि कडक होतं. गरम खोलीत घट्ट बसवलेला सांधा थंड रंगमंचावर केसभर उघडतो आणि पायाचं बोट अडकायला केसभर फट पुरते. पट्ट्या आदल्या दिवशी उलगडून, थिएटरच्या हवेत रात्रभर पडू देऊन मग टेप लावली तर हे टळतं. तुमची ती तिरकी सात पावलं कितव्या सांध्यावरून जातात ते एकदा चालून बघा.

अर्धपावली

आत्ताच तालमीहून आले. तिरकी रेष तीन सांध्यांवरून जाते आणि दुसऱ्या सांध्याची टेप मध्ये उचललेली होती! मी सांगितल्यावर लगेच बदलली. मनापासून आभार. दाराचंही बोलले.

चवड्याचा दाब एकाला मागे बसवून करून बघितला. तो म्हणाला, काहीच दिसत नाही, फक्त तुझा श्वास थोडा खोल गेल्यासारखा वाटतो. मी त्या चार मिनिटांत श्वास मोजते, साधारण ५२ होतात. आता चाळिसाव्या श्वासापासून दाब सुरू करते.

पण खरं सांगायचं तर आजही उतरताना पाय नीट नव्हता. गोळा आला नाही, पण पोटरी लाकडासारखी. विंगेत सतत हलत होते, लेगवॉर्मर शेवटच्या क्षणी काढले. तरीही. अजून काही सुटतंय का माझ्याकडून?

तिसरी_घंटा

मी स्टेज मॅनेजर आहे. ताई, तुम्ही "चार मिनिटं" म्हणताय ती दिवा लागल्यापासूनची. तुम्ही प्रत्यक्ष आडव्या कधी होता?

अर्धपावली

पडदा नाहीये, रंगमंच उघडाच असतो. लोक मध्यंतरातून परत येतात तेव्हा मी तिथे असते. पहिल्या घंटेला जाऊन पडते.

तिसरी_घंटा

पहिली घंटा म्हणजे सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी असं धरू. प्रीमियरला लोक वेळेवर आत येत नाहीत, भेटीगाठी चालू असतात, आणखी तीन मिनिटं धरा. मग दिवे मंदावणार, मग तुमची चार मिनिटं. हे झाले बारा. आणखी एक सांगा, सुरुवातीला पूर्ण शांतता आहे म्हणालात. मग हॉलचा गरम हवेचा पंखा चालू असतो का तेव्हा?

अर्धपावली

रात्रभर हेच डोक्यात होतं. बारा मिनिटं. मी ती मोजलीच नव्हती. रचना दिवा लागल्यावर सुरू होते, म्हणून माझं घड्याळही तेव्हाच सुरू व्हायचं. खोलीत मी येऊन पडायचे आणि लगेच सुरू करायचो, म्हणून तिथे ती खरंच चार मिनिटं होती. दोन महिने माझं शरीर वेगळीच रचना शिकलं.

आणि पंखा. ध्वनीवाल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, मध्यंतर सुरू होतानाच बंद करतो, कारण बंद केल्यावर नळ्या निवताना बराच वेळ टकटक करतात, ती शांततेत ऐकू येते. म्हणजे सगळ्यात गार जमिनीवर, सगळ्यात गार हवेत, भिजलेलं अंग घेऊन मी बारा मिनिटं पडून असते. आणि दोष पोटरीला देत होते.

आता प्रश्न वेगळा झालाय. लोक आत येताना मी तिथे असणं ही नृत्यदिग्दर्शकाची कल्पना आहे. प्रीमियरला चार दिवस उरलेत. हे आत्ता बोलावं का? तो चांगला माणूस आहे, ऐकून घेईल. पण तिन्ही रचना त्याच्याच आहेत, तो तीन रात्री झोपलेला नाही. आणि मी कंपनीतली सगळ्यात वयाने मोठी. "हिला आता झेपत नाही" हे वाक्य कोणी उच्चारलं नाही तरी मला ऐकू येतं.

विंगेतून

अगं, मी तुझ्या वयाची होते तेव्हा असंच गप्प बसले होते. एका रचनेत खांद्यावरून खाली उतरायचं होतं, धरणाऱ्याचा हात दर वेळी उशिरा यायचा. मला वाटायचं, मीच घाई करते. प्रीमियरच्या आदल्या रात्री टाचेची शीर तुटली. मागून कोणी काठी मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. नऊ महिन्यांनी परत उभी राहिले, पण ती रचना पुन्हा नाचले नाही. नंतर तो नृत्यदिग्दर्शक मला म्हणाला, एक शब्द बोलली असतीस तर मी पाच मिनिटांत बदललं असतं. त्याचा राग आला नाही मला. त्याला समोरून आकार दिसत होता, हाताचा उशीर फक्त माझ्या अंगाला कळत होता, आणि तो मी त्याच्यापर्यंत पोचवलाच नाही.

झेपत नाही हे वाक्य मनातून काढ. निश्चल राहणं हे सैल पडणं नव्हे. नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखांची 'शरीर' मी पाहिली आहे, २००१ सालची, त्यांची शेवटची रचना. दोघंच जण, ध्रुपद गायन, आणि हालचाल इतकी संथ की पाय कधी उचलला गेला ते कळत नाही, उचललेला दिसतो. प्रयोगानंतर त्या दोघांच्या पाठी घामाने चमकत होत्या. तितक्या संथपणाला किती बळ लागतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. तू जे चार मिनिटं करतेस तेही तसंच काम आहे, आणि कामाच्या अटी मागायचा तुला हक्क आहे.

उद्या सकाळी बोल, तालमीच्या आधी, दोघंच असताना. तक्रार म्हणून नको. आकडा सांग. "मी बारा मिनिटं पडून असते, आपण चार ठरवली होती." बाकीचं तो समजेल.

शेवटची_रांग

मी नाचत नाही, नुसता बघतो. गेल्या पंचवीस वर्षांत थंडीतले हंगाम चुकवलेले नाहीत. बघणाऱ्याच्या बाजूने एक म्हणणं मांडतो.

तुमच्या नृत्यदिग्दर्शकाला काय हवंय ते मला समजतं. लोक आत येतात आणि कोणीतरी आधीच तिथे आहे, ही कल्पना सुंदर आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? लोक गप्पा मारत येतात, रंगमंचाकडे एकदा बघतात, "अरे, कोणीतरी झोपलंय", आणि पुन्हा गप्पांत जातात. आठ मिनिटांत तुम्ही त्यांच्यासाठी सामान होता. मग दिवा लागतो तेव्हा निश्चलता नवी राहत नाही, सवयीची झालेली असते. तुम्ही लिहिलंत ना, एकेक पाय थांबत गेला? ते खोलीत घडलं कारण तिथे सगळ्यांनी एकाच क्षणी तुम्हाला पाहायला सुरुवात केली होती.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शक पॉल टेलर यांनी १९५७ मध्ये 'ड्युएट' म्हणून एक रचना केली होती. एक उभा, एक बसलेली, आणि दोघंही शेवटपर्यंत हललेच नाहीत. समीक्षक लुई हॉर्स्ट यांनी त्या कार्यक्रमाचं परीक्षण म्हणून खाली फक्त सही असलेली कोरी जागा छापली. हा किस्सा सगळे सांगतात. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या निश्चलतेला सुरुवात आणि शेवट होता. चौकट होती म्हणून ती कोणाला चिडवू शकली.

मध्यंतराचा उपयोग करायचाच तर जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाऊश यांनी केला तसा करावा. त्यांच्या १९७५ च्या 'राइट ऑफ स्प्रिंग'मध्ये सगळा रंगमंच पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या काळ्या मातीने भरलेला असतो. मध्यंतरात कामगार ती माती ओतून फावड्यांनी पसरतात आणि लोक बघत बसतात. मी जागेवरून उठलोच नव्हतो, मातीचा ओला वास माझ्या रांगेपर्यंत आला होता. आणि मग सुरुवातीला काय दिसतं? त्या मातीवर, लाल कापडावर, एकटी बाई पडलेली. तिला पडलेली बघायला आपण मध्यंतरभर थांबलेलो असतो, पण पाहिलेली नसते. तिचं पडून असणं तिथे सुरू होतं.

अर्धपावली

शेवटची रांग, तुमचा परिच्छेद मी तालमीआधी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. नाव घेतलं नाही, "एक प्रेक्षक म्हणतात" एवढंच म्हटलं.

आधी आकडा सांगितला. तो दचकला. "बारा? कोण म्हणालं बारा?" मग त्याने स्वतः घड्याळ लावलं, मला पहिल्या घंटेला पाडलं आणि मोजलं. पावणेबारा. मी उठले तेव्हा माझ्या पायाला हात लावून बघितला आणि काही बोलला नाही. नंतर म्हणाला, पण रिकामा रंगमंच मला नको, त्यांना आत येताना काहीतरी भेटायला हवं. यावर आम्ही अर्धा तास अडलो. मी चिडलेसुद्धा.

मग दुसऱ्या एका मुलीने सुचवलं की फक्त तो आडवा दिवा लावून ठेवू. जमिनीवर उजेडाचा पट्टा, त्यात कोणी नाही. तिसऱ्या घंटेनंतर सगळा अंधार, मी अंधारात चालत येऊन पडणार, मग दिवा पुन्हा लागणार. त्याने "बघू" म्हटलं. माझ्या जागेवर अंधारात चमकणाऱ्या टेपचे नखाएवढे दोन तुकडे चिकटवले, एक कानाच्या जागी, एक टाचेच्या. दुसऱ्या विंगेतून बारा पावलं. पहिल्यांदा मी दोन हात पुढे जाऊन पडले. तिसऱ्यांदा जमलं.

आणि तो मागच्या खुर्चीवरून ओरडला, "परत!" मी घाबरले. त्याला आवाज आवडला होता. अंधारात अनवाणी पावलं येतात, थांबतात, आणि मग एक शरीर जमिनीवर टेकतं, गुडघा, मांडी, कोपर, शेवटी डोकं, चार वेगवेगळे आवाज. तो म्हणाला, हेच हवं होतं मला, मी ते डोळ्यांनी शोधत होतो. आता ते चार आवाज कसे उतरायचे यावर आम्ही दीड तास काम केलं. माझी पोटरी कोणाच्या लक्षातही राहिली नाही!

ध्वनीवाले दादा आता मध्यंतराची दहा मिनिटं पंखा चालू ठेवणार आणि मग बंद करणार. थोडी टकटक राहील. नृत्यदिग्दर्शक म्हणाला, चालेल, पावलांच्या खाली जाईल ती.

घोटा_ते_गुडघा

छान झालं. तरी विंगेतल्या टाचा सोडू नका. आणि पहिली रचना संपल्यावर ओला पोशाख लगेच बदला. ओलं कापड अंगावर असेल तर बाकी सगळं करूनही निवाल. कोरडा सदरा, कोरडे मोजे, मग लेगवॉर्मर.

तिसरी_घंटा

लेगवॉर्मर आणि मोजे काढायला विंगेत एका ठरलेल्या माणसाला उभं करा. अंधारात एक मोजा रंगमंचावर पडलेला मी पाहिला आहे आणि पुढचं सगळं दृश्य लोकांनी तो मोजाच पाहिला.

विंगेतून

कसा झाला प्रयोग? सकाळपासून तीनदा येऊन बघून गेले.

अर्धपावली

उशीर झाला, माफ करा. काल रात्री पडल्या पडल्या झोपले.

पोटरीने साथ दिली. आधी तेवढं सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी त्यासाठी वेळ दिलात. उतरले, टाच टेकली, पुढचं पाऊल आपोआप पडलं. उडी मात्र माझी सर्वोत्तम नव्हती. जपून मारली. आज दुसरा प्रयोग आहे, आज जपणार नाही.

पहिली रचना जरा धावती झाली, सगळेच घाईत होते. दुसरी मी विंगेतून टाचा उचलत पाहिली, तीत दोघांपैकी एकाचा हात घसरला आणि दुसऱ्याने तो असा सावरला की ते रचनेतलंच वाटलं.

तिसरीचं सांगते. अंधारात निघाले. बारा पावलं मोजायची होती, अकरावर टाचेखाली टेपचा तुकडा लागला. थंडीने पावलं आखडती पडतील असं वाटलं होतं, उलट लांब पडली होती. गुडघा, मांडी, कोपर, डोकं. कान टेकला. आधी नळ्यांची टकटक ऐकू आली, जमिनीतून नाही, वरून. मग पाय. खोलीत वीस माणसं होती, इथे पाचशेच्या वर. पाचशे माणसांचे पाय वेगळे ऐकू येत नाहीत, एक सलग घरघर असते, दूर कुठे तरी गाडं चालल्यासारखी. दिवा लागला तरी ती चालूच. दहा श्वास, वीस श्वास. मला वाटलं, इतक्या लोकांत ते होणारच नाही. मी दाब सुरू करायच्या श्वासापर्यंत पोचले, चवडा टाचेला लावला.

चव्वेचाळिसाव्या श्वासाला घरघर थांबली. एकदम नाही, मागच्या रांगांकडून पुढे थांबत आली. मग नळ्याही गप्प झाल्या, आणि आठ श्वास मला फक्त माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं. मग टोला पडला.

शेवटची_रांग

मागच्या रांगांकडून पुढे?

अर्धपावली

हो. आधी मागचे थांबले. आज पुन्हा ऐकते आणि सांगते.